चर्चच्या गायकवृंदासाठी मिस्सा-रचनांची निवड : एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक

पाश्चात्त्य कलासंगीताच्या इतिहासात 'मिस्सा' हा शब्द दोन अर्थांनी येतो. एका अर्थाने ती कॅथलिक चर्चमधील मध्यवर्ती उपासना आहे. दुसऱ्या अर्थाने त्या उपासनेतील ठरावीक पाठांना दिलेली स्वररचना. हे पाठ पाच आहेत : किरिए म्हणजे दयेची याचना, ग्लोरिया म्हणजे गौरवगान, क्रेडो म्हणजे श्रद्धेची कबुली, सांक्टुस व त्याला जोडून येणारा बेनेडिक्टुस म्हणजे ईश्वराच्या पावित्र्याचा घोष, आणि आग्नुस देई म्हणजे देवाच्या कोकराला केलेली विनवणी. इतर पाठ दिनविशेषानुसार बदलतात. या पाचांचे शब्द मात्र वर्षभर तेच राहतात. एकाच अभंगाला पिढ्यान्‌पिढ्या नव्या चाली लागाव्यात, तसे या शब्दांचे झाले. चौदाव्या शतकात ग्योम द माशो याने या पाठांची सलग बहुस्वरीय रचना केली, आणि तेव्हापासून युरोपातील बहुतेक सर्व थोर संगीतकारांनी त्याच शब्दांवर आपली प्रतिभा पारखून घेतली.

या रचनांविषयी विपुल समीक्षा उपलब्ध आहे. परंतु ती प्रामुख्याने मैफलीच्या सभागृहात किंवा ध्वनिमुद्रणावर ऐकल्या जाणाऱ्या रचनांची समीक्षा आहे. बाखची बी मायनर मिस्सा व बेथोव्हेनची 'मिस्सा सोलेम्निस' या शिखरकृती मानल्या जातात आणि त्या तशा आहेतही. पण पहिली सुमारे दोन तास चालते, आणि दुसरी ज्या आर्चबिशपांच्या 1820 सालच्या पदग्रहणासाठी लिहायला घेतली ते पदग्रहण होऊन तीन वर्षे लोटल्यावर पूर्ण झाली. रविवारच्या उपासनेत या रचनांना जागाच नाही. ज्याला येत्या रविवारी वीस-पंचवीस हौशी गायकांना उभे करायचे आहे, त्या गायकवृंदप्रमुखाच्या हाती शिखरांची ही यादी फारशी उपयोगाची ठरत नाही. त्याला वेगळा निकष लागतो. असा निकष संभवतो का, आणि संभवत असल्यास तो केवळ सोयीचा आहे की कलादृष्ट्याही समर्थनीय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निवडीचा इतिहास : शब्द आणि नाद

कोणती मिस्सा गावी हा प्रश्न चर्चने वारंवार अधिकारवाणीने सोडवण्याचा प्रयत्न केला आहे. त्रेंत येथील धर्मपरिषदेने 1562 साली उपासनेतील असभ्य वा उच्छृंखल संगीताला मनाई केली. पाठोपाठ 1565 साली रोममध्ये कार्डिनलांच्या पुढाकाराने गायकांना बोलावून काही मिस्सा गाऊन घेण्यात आल्या. बहुस्वरीय गायनात शब्द समजतात की नाही, हे ऐकणे हा त्यामागचा हेतू होता. पालेस्त्रिनाची 'मिस्सा पापाए मार्चेल्ली' ऐकून कार्डिनल संतुष्ट झाले व बहुस्वरीय संगीत बंदीपासून वाचले, ही आख्यायिका पुढे रचली गेली. एकोणिसाव्या शतकात बाइनी या चरित्रकाराने तिला भरघोस रूप दिले आणि 1917 साली फिट्स्नरचा तिच्यावरील ऑपेराही रंगमंचावर आला. आख्यायिका ऐतिहासिक कसोटीवर टिकत नाही. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न खरा आहे. सहा आवाज सहा वेळी तोच शब्द उच्चारू लागले की तो शब्द श्रोत्यांपर्यंत पोहोचतो का? पालेस्त्रिनाने या मिस्सेत दीर्घ पाठ असलेल्या ग्लोरिया व क्रेडोमध्ये आवाजांचे गट करून शब्द एकत्र उच्चारायला लावले, आणि जेथे पाठ छोटा तेथे आवाजांना मोकळे सोडले. शब्दसंख्येनुसार विणकामाचा पोत बदलण्याची ही दृष्टी आजच्या निवडकर्त्यालाही मार्गदर्शक ठरावी.

अठराव्या शतकात प्रश्नाचे स्वरूप बदलले व वेळेचे बंधन आले. 4 सप्टेंबर 1776 रोजी मोझार्टने पाद्रे मार्तिनी यांना लिहिलेल्या पत्रात साल्झबुर्गच्या आर्चबिशपांच्या चर्चमध्ये संपूर्ण गायनयुक्त मिस्सा पाऊण तासाच्या आत आटोपावी लागते, असे कळवले आहे. त्यात तक्रारीचा सूर आहे. तथापि याच आवळलेल्या चौकटीत मोझार्टने केलेले काम पाहिले की तक्रार बाजूला राहते. 1774 सालच्या एफ मेजरमधील लघुमिस्सेत 'क्रेडो' हा एकच शब्द चार स्वरांच्या आकृतीवर पुनःपुन्हा येतो आणि लांबलचक पाठाला कण्यासारखा आधार देतो. चौदा वर्षांनी 'ज्युपिटर' सिंफनीच्या अखेरच्या भागात याच चार स्वरांचे मोझार्टने काय केले, ते सर्वश्रुत आहे. योझेफ हायडनने मात्र त्याच दशकात, आयझेनश्टाट येथील धर्मबंधूंच्या चर्चसाठी लिहिलेल्या 'छोट्या ऑर्गन मिस्से'त वेळेच्या प्रश्नावर वेगळी युक्ती काढली. ग्लोरियाच्या निरनिराळ्या ओळी त्याने चार आवाजांना वाटून एकाच वेळी गायला लावल्या. मिनिटभरात ग्लोरिया संपतो; शब्द सर्व उच्चारले जातात, पण ऐकू एकही येत नाही. पुढे धाकट्या भावाने, मिखाएल हायडनने, या भागाचा विस्तार करून ठेवला, यातच या युक्तीवरील टीका आली. आज ही मिस्सा निवडणाऱ्याने धाकट्या हायडनचा ग्लोरिया घ्यावा, किंवा ज्या काळात ग्लोरिया गायलाच जात नाही त्या आगमनकाळासाठी ती राखून ठेवावी. तिचा बेनेडिक्टुस, एकट्या सोप्रानोसाठी व ऑर्गनसाठी लिहिलेला, इतका कोमल आहे की केवळ त्यासाठीही हा खटाटोप सार्थ ठरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन भाषिक प्रदेशात सिसिलियन चळवळ उभी राहिली. व्हिएन्नाच्या वाद्यवृंदयुक्त मिस्सा नाटकी आहेत, चर्चने पालेस्त्रिनाकडे व ग्रेगोरियन गायनाकडे परतावे, असे तिचे म्हणणे होते. 1903 साली पोप पायस दहावे यांच्या आदेशाने या भूमिकेला अधिकृत बळ मिळाले. पाठातील शब्द गाळू नयेत, उलटसुलट करू नयेत, विनाकारण पुनरुक्ती करू नये, असे त्यात बजावले होते. त्याच आदेशाने स्त्रियांना गायकवृंदात मज्जाव केला, ही गोष्ट या दस्तऐवजाचा गौरव करताना बहुधा विसरली जाते. यापुढची पायरी अमेरिकेत गाठली गेली. तेथील सेंट ग्रेगरी सोसायटीने 1922 साली मान्य रचनांची 'श्वेत यादी' प्रसिद्ध केली आणि सोबत अमान्य रचनांचीही. अमान्य यादीत हायडन, मोझार्ट, शूबर्ट यांच्या मिस्सा होत्या. मान्य यादीतील कितीतरी नावे आज कोणालाही आठवत नाहीत. रचना शैलीवरून बाद करायची व नियमपालनावरून पसंत करायची असे ठरले की सामान्य कारागिरीला मोकळे रान मिळते. श्वेत यादीचे अपयश संगीतरुचीपेक्षा समीक्षापद्धतीचे आहे. तिने रचनेला प्रश्न विचारला, परंतु रचना कोण गाणार, कोठे गाणार आणि कोणासमोर गाणार हे विचारले नाही.

दोन रचना : बर्ड आणि शूबर्ट

हे तीन प्रश्न ज्या रचनांच्या जन्मातच विरघळलेले आहेत, त्यांपैकी दोन येथे सविस्तर पाहणे योग्य ठरेल.

विल्यम बर्डच्या चार, तीन व पाच आवाजांच्या मिस्सा साधारणतः 1592 ते 1595 या काळात छापल्या गेल्या. एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक मिस्सा बेकायदा होती. त्यामुळे या पुस्तिकांना मुखपृष्ठ नाही, मुद्रकाचे नाव नाही, साल नाही. त्या एसेक्समधील पेट्रे घराण्यासारख्या कॅथलिक कुटुंबांच्या वाड्यांत, दारे लावून, मोजक्या गायकांनी गाण्यासाठी होत्या. प्रत्येक ओळीला एकेकच गायक उपलब्ध असेल, वाद्य असेल वा नसेल, ही वस्तुस्थिती बर्डने रचनेचा पायाच करून टाकली. तीन आवाजांच्या मिस्सेतील किरिए तर इतका आखूड आहे की तो सुरू होतो न होतो तोच संपतो. आवाज एकत्र उच्चारतात व थांबतात. चार आवाजांच्या मिस्सेतील आग्नुस देई याच्या उलट आहे. त्याची सुरुवात दोन आवाजांनी होते, आणि शांतीच्या अखेरच्या याचनेला चारही आवाज एकमेकांवर ओठंगून, प्रत्येक विसंवादी स्वर पुढच्या आवाजाच्या हालचालीने सुटत, पुन्हा नव्याने अडकत, हळूहळू शेवटच्या स्वरमेळापर्यंत जातात. ज्या समाजाला शांती लाभलेली नव्हती त्याची ही याचना आहे, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. ते मान्य करूनही एक गोष्ट अधोरेखित करावी लागते : हा परिणाम साधण्यासाठी मोठ्या वृंदाची आवश्यकता नाही. किंबहुना साठ गायकांच्या तोंडी हा आग्नुस देई काहीसा सैल पडतो.

तथापि 'लहान वृंदासाठी' म्हणजे 'सोपी' असा अर्थ कोणी घेऊ नये. बर्डच्या रचनेत प्रत्येक आवाजाची ओळ स्वतंत्र आहे. शेजारच्याच्या आधाराने गाता येत नाही, ऑर्गनच्या पडद्याआड लपता येत नाही. हौशी वृंदांत टेनर आवाजांची चणचण जगजाहीर आहे. दोन टेनरांपैकी एकजण त्या रविवारी आला नाही तर चार आवाजांची इमारत तीन खांबांवर उभी राहत नाही. अशा वृंदाने तीन आवाजांची मिस्सा आधी बसवावी. स्वरपट्टी खालीवर करून ती निरनिराळ्या आवाजांच्या जुळणीत गाता येते. शिवाय उपवासकाळात ऑर्गनवादन गायनाला आधार देण्यापुरतेच ठेवावे असा दंडक आहे आणि ग्लोरियाही नसतो. त्या काळात वाद्याविना गायली जाणारी ही मिस्सा नुसती शक्य नाही, तर उचित ठरते.

शूबर्टची जी मेजरमधील मिस्सा सव्वादोनशे वर्षांनंतरची व सर्वस्वी भिन्न परिस्थितीतील. 2 ते 7 मार्च 1815 या सहा दिवसांत अठरा वर्षांच्या शूबर्टने ती लिहिली. लिख्टेन्टाल हे त्याच्या स्वतःच्या वस्तीतील चर्च होते. तेथील वृंदात कोण किती गाऊ शकतो हे त्याला ठाऊक होते. सोप्रानो एकलगायिकेला भरपूर वाव, बास गायकाला बऱ्यापैकी, आणि टेनरला बेनेडिक्टुसमधील त्रिकूटापुरतेच काम, ही वाटणी पाहिली की रचनाकाराने समोरची माणसे मोजूनच लेखणी उचलली असावी असे वाटते. वृंदाचे काम बव्हंशी एकत्र उच्चारणाचे आहे. क्रेडोमध्ये खालच्या तंतुवाद्यांची हलकी, एकसारखी पावले पडत राहतात व वृंद त्यांवर हळू आवाजात, दीर्घ स्वरांत पाठ म्हणत जातो. श्रद्धेची कबुली गर्जून सांगण्याचा मोह येथे जवळजवळ शेवटपर्यंत आवरलेला आहे. नवख्या वृंदाला ही जागा स्वरांच्या दृष्टीने सोपी व श्वासाच्या दृष्टीने अवघड जाते. तिचे अध्यापनमूल्य म्हणूनच मोठे आहे.

परंतु या क्रेडोत एक वाक्य नाही. एकमेव, पवित्र, वैश्विक व प्रेषितीय चर्चवरील श्रद्धा व्यक्त करणारे हे वाक्य शूबर्टने आपल्या सर्वच मिस्सांतून वगळले आहे. कारणांविषयी तर्क पुष्कळ आहेत : वैयक्तिक अश्रद्धा, तत्कालीन व्हिएन्नातील सैल प्रथा, स्मरणाची चूक. सहाही मिस्सांत तेच वाक्य गळावे याला चूक म्हणणे कठीण आहे. समीक्षकाला या मौनाचा अर्थ लावता येतो. गायकवृंदप्रमुखाला त्या रविवारी काय करायचे हे ठरवावे लागते. गाळलेले शब्द अन्य स्वरांवर बसवून घ्यावेत हा एक मार्ग, पण त्याने शूबर्टची वाक्यरचना विस्कटते. क्रेडो सर्व समुदायाने साध्या ग्रेगोरियन चालीवर म्हणावा व शूबर्टचे उर्वरित भाग वृंदाने गावेत, हा दुसरा. तो अधिक प्रामाणिक आहे. योगायोग असा की ज्या वाक्यासाठी बर्डच्या श्रोत्यांनी दंड व कारावास पत्करले, तेच वाक्य कॅथलिक व्हिएन्नातील तरुणाने निर्धोकपणे सोडून दिले, आणि दोघांच्या मिस्सा आज एकाच कपाटात शेजारी ठेवलेल्या असतात. (या मिस्सेच्या नशिबी आणखीही काही होते. 1846 साली ती प्राग येथे छापली गेली तेव्हा तिच्यावर रोबेर्ट फ्यूरर या दुसऱ्याच माणसाचे नाव होते.)

इतर रचनांविषयी थोडक्यात. गूनोची 1855 सालची सेंट सिसिलिया मिस्सा श्रोत्यांना हमखास आवडते, पण तिला वाद्यवृंद लागतो, आणि ऑर्गनवर उतरवली की तिचे भपकेबाज सांधे उघडे पडतात. फोरेची 'मेस बास' केवळ स्त्री-आवाजांसाठी व ऑर्गनसाठी आहे, क्रेडो व ग्लोरिया तिच्यात नाहीत. ज्या वृंदात पुरुष तुरळक आहेत त्याने ती उणीव म्हणून न पाहता संधी म्हणून पाहावी. ब्रिटनची 1959 सालची लघुमिस्सा वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलच्या मुलांसाठी लिहिलेली असली तरी 'मुलांसाठी' या शब्दाने फसू नये. वॉन विल्यम्सची जी मायनर मिस्सा दुहेरी वृंद मागते; ती ऐकावी, सामान्य वृंदाने बसवू नये.

समुदायाचा वाटा

1963 सालच्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक घोषणापत्राने निवडीचा सगळा संदर्भ बदलला. त्याने ग्रेगोरियन गायनाचे अग्रस्थान व बहुस्वरीय संगीताचे स्थान मान्य केले, त्याच वेळी समुदायाचा सक्रिय सहभाग हे तत्त्वही पुढे ठेवले. 1967 सालच्या निर्देशाने सांक्टुस हा सामान्यतः सर्व समुदायाने धर्मगुरूंसह गावा असे म्हटले. पूर्वी वृंद सांक्टुस गात असताना धर्मगुरू मंद स्वरात पुढील प्रार्थना म्हणत असत व बेनेडिक्टुस पवित्रीकरणानंतर गायला जाई. आता ती प्रार्थना मोठ्याने म्हटली जाते, त्यामुळे गायन संपेपर्यंत वेदीवर सर्व थांबून राहते. शूबर्टचा सांक्टुस छोटा आहे, पण बेनेडिक्टुसमधील त्रिकूट जोडले की प्रतीक्षा लांबते.

येथे संगीतसमीक्षक व उपासनातज्ज्ञ यांच्यात नेहमी खटका उडतो. सांक्टुस समुदायाला दिला तर रचनेची एकात्मता भंगते, असे पहिल्याचे म्हणणे. या आक्षेपाचे वजन तपासले पाहिजे. पाच भाग सलग ऐकणे ही मैफलीची व ध्वनिमुद्रणाची सवय आहे. चर्चमध्ये किरिए व ग्लोरिया एवढेच भाग लागून येतात. पुढे वाचने, प्रवचन, अर्पण, प्रार्थना यांनी उरलेले भाग एकमेकांपासून दूर ठेवले जातात. पंधराव्या-सोळाव्या शतकातील रचनाकारांनी समान आरंभ किंवा समान आधारचाल वापरून भागांना बांधले हे खरे, पण ते बांधले याचे कारणच ते विखुरलेले होते. मधला एक धागा समुदायाच्या हाती गेला तर ही वीण उसवेलच असे नाही. बर्डचे किरिए, ग्लोरिया व आग्नुस देई वृंदाने आणि सांक्टुस समुदायाने त्याच स्वरपट्टीतील ग्रेगोरियन चालीवर, ही जुळणी कलादृष्ट्या समर्थनीय आहे. स्वरपट्टी मात्र खरोखरच जुळवून घ्यावी लागते, आणि बहुधा नेमके तेवढेच राहून जाते. दुसऱ्या टोकाला, व्हिएन्नातील आउगुस्टिनर चर्चमध्ये रविवारी हायडन-मोझार्ट-शूबर्टच्या मिस्सा संपूर्ण वाद्यवृंदासह उपासनेतच गायल्या जातात. तेथील समुदाय ऐकण्यालाच सहभाग मानतो. ही भूमिका चुकीची म्हणता येणार नाही. ती त्या गावाची आहे, कोठेही उचलून नेता येण्याजोगी नाही.

शब्दाचे वजन

लोकभाषेतील उपासनेमुळे आणखी एक प्रश्न उभा राहिला, आणि तो मराठीच्या अभ्यासकांना जवळचा वाटावा. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चसंलग्न शाळांतून मुलांना स्वरलिपी व गायन शिकवण्याची परंपरा रुजली होती; तेथील वृंदांना लॅटिन मिस्सा परकी नव्हती. वसई परिसरातील समुदायाची उपासना परिषदेनंतर मराठीत आली. अनुवाद झाले, पण चाली? लॅटिन शब्दांसाठी घडलेल्या सुरावटीत मराठी शब्द बसवले की काय होते, हे एका शब्दावरून दाखवता येते.

'सांक्टुस' या शब्दात आघात पहिल्या अक्षरावर आहे आणि ते अक्षर जडही आहे. त्यावर रचलेली चाल साहजिकच मात्रेच्या ठोक्यावर सुरू होते. त्याचा मराठी पर्याय 'पवित्र'. छंदःशास्त्राच्या दृष्टीने यात प लघू, जोडाक्षरापूर्वीचा वि गुरू, त्र लघू. वजन मध्ये आहे. लॅटिन चाल जशीच्या तशी घेतली तर ठोका 'प'वर पडतो, लघू अक्षर ताणले जाते आणि शब्द ऐकताना कोठेतरी ठेच लागते. 'प' हा समेच्या आधी सोडून 'वि'वर सम आली तर शब्द सरळ उभा राहतो. किरिएचेही तसेच. मूळ शब्द पहिल्या अक्षरावर जोर घेऊन उतरत जातो. 'प्रभो', 'दया' हे शब्द लघूकडून गुरूकडे चढतात. म्हणजे मराठी मिस्सेला उतरणाऱ्या नव्हे, चढणाऱ्या आरंभांची गरज आहे. इंग्रजीभाषक चर्चलाही याच जातीचा अनुभव आला. 2011 साली नवा अनुवाद लागू होताच, मार्टी हॉगेन यांच्या 1984 सालच्या 'मास ऑफ क्रिएशन'सारख्या सर्वतोमुखी झालेल्या रचनाही दुरुस्त कराव्या लागल्या, आणि समुदायाला पाठ असलेली सुरावट नव्या शब्दांशी अडखळू लागली.

मराठी मिस्सा निवडताना ती हार्मोनियम-तबल्यावर आहे की ऑर्गनवर, राग भूपाचा आहे की सी मेजरचा, यावरच चर्चा बहुधा अडते. त्याआधी नुसते शब्द ठोक्यासह म्हणून पाहावेत. ज्या रचनेत 'पवित्र' या शब्दाची सम 'वि'वर येत नाही ती पुन्हा रचनाकाराकडे पाठवावी.